बेचाळीसच्या बायकांची रोजनिशी

बेचाळीसच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या सातारच्या प्रतिसरकारवर, म्हणजे भूमिगतांच्या समांतर सरकारवर, आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांची चरित्रं आहेत, जी. डी. बापू लाडांचं आत्मकथन आहे, यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' आहे. ए. बी. शिंदे यांचा इंग्रजी ग्रंथ आहे, गेल ऑम्व्हेट यांचा अभ्यास आहे. पोलिसांचे अहवाल आणि कोर्टाची कागदपत्रं तर आहेतच. एवढं सगळं वाचल्यावर एक उणीव राहून राहून जाणवते. बेचाळीसपासूनच्या त्या चार वर्षांत घरात मागे राहिलेल्या, किंवा घर सोडून बाहेर पडलेल्या एखाद्या बाईने रोजच्या रोज लिहिलेली, छापून लोकांपर्यंत पोचलेली एकही वही नाही.

युद्धकाळातल्या स्त्रियांच्या रोजनिश्या जगभर वाचल्या जातात. त्यांत रणांगण फारसं नसतं. रॉकेल संपलं, मुलाला ताप आला, शेजारणीचा नवरा परत आला नाही, आज भाकरीला पीठ पुरलं का, असला मजकूर असतो, आणि माणसं त्या काळातून तगली कशी हे त्यातूनच कळतं. सातारा-सांगलीच्या बाबतीत हे कळायचं तर वहीऐवजी काय काय हाताशी आहे, आणि त्यातल्या कशावर किती विसंबायचं, हा प्रश्न आहे. तो अजून सुटलेला नाही आणि त्याला आता फार वेळही उरलेला नाही.

तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा बराचसा भाग. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ साली जिल्ह्याची फाळणी होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. मधे मधे औंध, सांगली, मिरज, फलटण अशा संस्थानांचे तुकडे होते. भूमिगतांना त्यांचा मोठा आधार, कारण ओढा ओलांडला की हद्द बदलायची. १९४२ च्या ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण पडले. तिथून पुढे उघड मोर्चे मागे पडले आणि भूमिगत काम सुरू झालं. कुंडल हे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचं, तुफान सेनेचं, मुख्य ठाणं बनलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली गेली, २४ जुलैला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या तारखा शाळेतल्या मुलांनाही सांगता येतात.

याच गावांतली दुसरी माणसं त्याच वेळी सरकारच्या पलटणींत होती, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, नंतर इटलीत लढल्या. तेव्हा या जिल्ह्यातल्या बाईला युद्ध दोन्ही अंगांनी भिडलं होतं. एकीला मनीऑर्डरची वाट, दुसरीला पोलिसांच्या गाडीची धास्ती. पलटणीतल्या माणसाचं पत्र सेन्सॉरच्या हाताखालून यायचं आणि ते वाचायला मास्तर किंवा तलाठी गाठावा लागायचा. उत्तरही दुसऱ्याच्याच हातचं. नवऱ्याला मनातलं सांगायचं ते गावच्या मास्तरासमोर, म्हणजे काय सांगता येणार होतं?

वही का नाही, याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. १९५१ च्या जनगणनेत, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी, देशातल्या स्त्रियांमध्ये साक्षरतेचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आत होतं. खेड्यात त्याहून कमी. पण हे एवढंच उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण चळवळीतल्या काही बाया शाळा शिकलेल्या होत्या. त्यांनी लिहिलं नाही, कारण भूमिगत कामात लिहिलेला कागद म्हणजे पुरावा. एक नाव, एका गावाचा उल्लेख, 'काल रात्री चौघे जेवले' एवढी ओळ एखाद्या घराची जप्ती ओढवायला पुरेशी होती. चिठ्ठी पोचली की चुलीत घालायची, हा तिथला रिवाज. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी काही न लिहिणं हीच शिस्त मानली.

मराठी स्त्रीला आपलं लिहायची परंपराच नव्हती असंही नाही. रमाबाई रानड्यांचं आठवणींचं पुस्तक १९१० चं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या चळवळीच्या आधीच लोकांच्या हाती पडली होती. आणखी जवळचं उदाहरण घ्यायचं तर किर्लोस्करवाडीचं. 'स्त्री' मासिक १९३० साली तिथेच सुरू झालं. मराठी मध्यमवर्गीय बाईला बोलतं करणारं ते मासिक ज्या वाडीत छापलं जात होतं, ती कुंडलच्या अगदी शेजारची. एका शिवारात बायकांच्या प्रश्नांवर लेख जुळवले जात होते आणि पलीकडच्या शिवारात बाया रात्री भाकऱ्यांची दुरडी डोक्यावर घेऊन उसात जात होत्या. या दोन्हीकडच्या बायकांची गाठ पडली असती तर आज चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

कारण रोजनिशी निव्वळ लिहिणारीच्या हौसेने टिकत नाही. ती कुणीतरी मागावी लागते आणि जपावी लागते. इंग्लंडमध्ये १९३९ साली युद्ध सुरू होताना 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेने सामान्य लोकांना रोजनिश्या लिहून पाठवायला सांगितलं. बॅरो-इन-फर्नेस गावच्या नेला लास्ट या गृहिणीने त्या सांगण्यावरून लिहायला घेतलं आणि ती वर्षानुवर्षं लिहीत राहिली. तिचं युद्धकाळातलं लिखाण १९८१ साली पुस्तकरूपाने आलं. ॲन फ्रँकचंही तसंच. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच सरकारच्या मंत्र्याने रेडिओवर सांगितलं की युद्धानंतर लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रं गोळा केली जातील. ते ऐकून तिने आपली वही पुन्हा नीट लिहायला घेतली. त्याच १९४४ साली आपल्याकडची एक तरुण आई तान्हं मूल घरी ठेवून गोव्याच्या वाटेला लागली होती. तिला कुणी काही लिहून ठेवायला सांगितलं नाही. तिची हकीकत विचारायला माणूस आला तो सत्तरएक वर्षांनी.

ती हौसाताई पाटील, नाना पाटलांची लेक. पत्रकार पी. साईनाथ यांनी हौसाताईंच्या उतारवयात घेतलेल्या मुलाखती आज आपल्याकडचा सर्वांत मोठा ठेवा आहेत. त्या 'परी' या संकेतस्थळावर वाचता येतात आणि २०२२ च्या 'द लास्ट हीरोज' या पुस्तकातही हौसाताई भेटतात. या मुलाखतींतला भवानीनगर पोलीसठाण्याचा प्रसंग सगळ्यांच्या तोंडी आहे. ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग काढायचं, पोलीस सोडवायला बाहेर आले की साथीदारांनी आत शिरून बंदुका पळवायच्या. सोंगातल्या नवऱ्याने खरोखरच मार दिला, अशी त्यांची तक्रार होती. दुसरा प्रसंग गोव्याचा. पोर्तुगिजांच्या कैदेत अडकलेल्या बाळ जोशी या सहकाऱ्याला भेटायला त्या बहीण बनून गेल्या, अंबाड्यात चिठ्ठी लपवून. परतताना मांडवी ओलांडायला नाव नव्हती. लाकडी पेटीवर बसून रात्री नदी पार केली आणि पुढे जंगलातून पायी आल्या.

हे प्रसंग खरे आहेत आणि थरारकही आहेत. पण सभा-समारंभांत तेवढेच सांगितले जातात, याची मला खंत वाटते. त्याच मुलाखतींत दुसरा मजकूर आहे, आणि रोजनिशी म्हणावी असा तोच आहे. हौसाताईंची आई त्या लहान असतानाच गेली. वडील भूमिगत. सरकारने जमीन जप्त केली, घराला टाळं लावलं. इंग्रजांच्या भीतीने गावात कुणी कामाला बोलवेना. आजी होती, ती शेतात उकरून जे मिळेल ते आणायची. एक बैलजोडी आणि गाडी मात्र उरली होती. मग गूळ, शेंगा, धान्य यांची भाडी करायची. येडेमच्छिंद्राहून ताकारीपर्यंत, म्हणजे बाराएक किलोमीटर, गाडी नेली की तीन रुपये. कऱ्हाडपर्यंत नेली की पाच. घरात येणारा पैसा तेवढाच.

हे दर नीट पाहायला हवेत. सत्तर वर्षांनंतर बाईला बंदुका किती मिळाल्या यापेक्षा गाडीभाडं नेमकं आठवतं, कारण त्याच पैशावर रात्रीची चूल पेटत होती. ज्या मुलीचे वडील हजारोंच्या सभा गाजवत होते तिच्या घरात मीठ कशाने येत होतं, हे नाना पाटलांच्या चरित्रांत शोधून सापडणार नाही. तिच्या बोलण्यात ते सहज येऊन जातं.

आठवणींना मर्यादाही आहेत. पुन्हा पुन्हा सांगून प्रसंगाला घाट येतो, तारखा पुढे-मागे होतात, मधल्या वर्षांत ऐकलेलं आपल्या पाहण्यातलं वाटू लागतं. रोजनिशीत आजचा राग असतो, उद्याची धाकधूक असते. शेवट काय होणार हे लिहिणारीला माहीत नसतं. आठवण सांगणारीला शेवट माहीत असतो, इंग्रज गेले हे ठाऊक असतं. हौसाताईंच्या मुलाखतींत म्हणूनच भीती कमी आणि कर्तबगारी जास्त ऐकू येते. मांडवीत पेटीवर बसलेल्या बाईला घरच्या तान्ह्या पोराची काळजी किती जाळत होती, हे त्या वेळच्या वहीत दिसलं असतं.

इंदुताई पाटणकरांची गोष्ट वेगळ्या वळणाची. कऱ्हाड तालुक्यातल्या इंदोलीचा जन्म, घरात स्वातंत्र्याच्या चळवळीचं वारं. ऐन तारुण्यात चरखा घेऊन त्यांनी घर सोडलं, सेवा दलाचं काम केलं, प्रतिसरकारात शस्त्रंही इकडून तिकडे पोचवली. १९४६ साली कासेगावच्या बाबुजी पाटणकरांशी लग्न झालं आणि १९५२ साली बाबुजींचा खून झाला. पदरी लहान मूल. त्यानंतर शिक्षिकेची नोकरी करत त्यांनी घर चालवलं आणि चळवळही सोडली नाही. उतारवयात सांगली-साताऱ्यातल्या परित्यक्तांना, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना, रेशनकार्ड आणि जमिनीचा हक्क मिळावा म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या. २०१७ साली त्या गेल्या.

इथे एक फार मोलाचा योग जुळून आला होता. गेल ऑम्व्हेट या इंदुताईंच्या सूनबाई. प्रतिसरकारचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी विदुषी आणि त्या सरकारात वावरलेली बाई एका घरात, कासेगावात, वर्षानुवर्षं राहिल्या. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे बायकांच्या तक्रारी येत, बायकोला मारणाऱ्याला किंवा टाकून देणाऱ्याला शिक्षा होत असे, कमी खर्चाची गांधी-लग्नं लागत, याकडे आज जे लक्ष जातं त्यात या अभ्यासाचा वाटा आहे. मला मात्र त्याहून पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. इंदुताईंनी तेव्हा बायकांचे तंटे पाहिले आणि चाळीस वर्षांनी त्याच तालुक्यांत परित्यक्तांची संघटना उभी केली. त्यांच्या लेखी बेचाळीस हे १९४७ ला संपलेलं प्रकरण नव्हतं. गेलताई २५ ऑगस्ट २०२१ ला वारल्या, हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ ला, वयाच्या ९५ व्या वर्षी. अभ्यास करणारी आणि साक्ष देणारी, दोघी महिन्याच्या आत गेल्या.

नवऱ्याच्या पुस्तकात उरलेल्या बायका हा आणखी एक साठा. वेणूताई चव्हाणांचं उदाहरण ठळक आहे. फलटणच्या मोऱ्यांची ही मुलगी जून १९४२ मध्ये कऱ्हाडला सून म्हणून आली. दोन महिन्यांत नवरा भूमिगत. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी तिला पकडून नेलं. तुरुंगातून सुटली ती आजार घेऊन, पुढे माहेरी फलटणला गेली. तिथे तिला भेटायला आलेले यशवंतराव पकडले गेले. हे आपल्याला कळतं ते 'कृष्णाकाठ'मधून, आणि यशवंतरावांनी ते अपराधी मनाने, हळुवारपणे लिहिलं आहे. पण ते त्यांचं मन आहे. सुगड पुजायच्या दिवशी कोठडीत बसलेल्या नव्या सुनेला सासरबद्दल, नवऱ्याबद्दल, स्वातंत्र्याबद्दल काय वाटलं, ते तिच्याच शब्दांत कुठे नाही. पुस्तक १९८४ साली आलं आणि वेणूताई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. पुरुषांच्या आत्मचरित्रांतून येणाऱ्या बायका बहुतेक अशाच येतात. सोशिक, हसतमुख, तक्रार न करणाऱ्या. त्या तशा असतीलही. पण तक्रार ऐकायला समोर कोण होतं, हे विचारायला हवं.

याच मुलखात तेव्हा युद्धाच्या आठवणी आवर्जून जपणाऱ्या बायकाही राहत होत्या, पण त्या परक्या देशाच्या. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचएक हजार माणसं, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं. १९४० मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हाकललं गेलं होतं, तिथून इराणमार्गे ती इथवर आली. पाचगणीच्या हवेत त्यांच्या आजारी मुलांसाठी सोय होती, म्हणजे सातारा जिल्ह्याशीही त्यांचा संबंध होता. ही माणसं पुढे जगभर पांगली, पण त्यांनी संघटना केली, आठवणी गोळा केल्या, लंडनहून जाडजूड ग्रंथ काढला. वळिवड्याच्या बाजारात भाजी विकणारी मराठी बाई त्या पोलिश आठवणींत दिसते. आपल्या बाजूने तिची हकीकत कुणी टिपली नाही.

लिहिता न येणाऱ्या बाईची वही म्हणजे जातं, असं म्हणायची पद्धत आहे आणि त्यात तथ्य आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. पण सातारच्या भूमिगतांच्या संदर्भात जात्याची दुसरीही एक बाजू ध्यानात घ्यायला हवी. रात्री दहा-पंधरा माणसं अचानक दाराशी आली तर घरात तेवढं पीठ नसायचं. जोंधळा दळायला घेतला की जात्याची घरघर गल्लीत ऐकू जायची. अवेळी जातं का चाललंय, हे शेजाऱ्याला कळायचं, पोलीसपाटलालाही कळायचं. तेव्हा ओवी म्हणणं दूरच. सुगरणीने उजेडीच जास्तीचं पीठ दळून ठेवायचं, चुलीचा जाळ बाहेर दिसू नये म्हणून कवाड लोटून भाकऱ्या थापायच्या, कोरड्यास होईतो वेळ नाही म्हणून खर्डा वाटून द्यायचा, आणि सकाळी परातीचा, तव्याचा, राखेचा मागमूस ठेवायचा नाही. पहाटे पोलीस आले तर घरात चार माणसांपुरतीच भांडी खरकटी दिसायला हवीत. या कामात एक बाई चुकली असती तर कितीजण पकडले गेले असते, याचा हिशेब आपल्या इतिहासात कुणी मांडलेला नाही. तो मांडल्याशिवाय प्रतिसरकार टिकलं कसं, हेही पुरतं कळणार नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी नियमांतही या कामाला जागा झाली नाही. १९७२ साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. अट होती सहा महिने तुरुंगवासाची. १९८० पासून ती बायकांसाठी तीन महिन्यांवर आणली, हे चांगलं झालं. भूमिगत असल्याचा दावा असेल तर वॉरंट, पकडण्यासाठी लावलेलं इनाम, फरारी म्हणून निघालेला जाहीरनामा, असे कागद हवेत. कागद नसतील तर निदान दोन वर्षं तुरुंगवास सिद्ध झालेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला. आता भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या नावाने वॉरंट कोण काढणार? तिचं यश तर पोलिसांना तिचं नाव न कळण्यातच होतं. दाखला द्यायला ज्या पुरुषाकडे जायचं, त्याला त्या अंधारात ताट वाढणारीचा चेहरा तरी दिसला होता का? कितीतरी जणींनी अर्जच केला नसेल. ज्यांनी केला त्यांना मात्र आपण काय काय केलं ते तारखा-गावांसह सांगावं लागलं, आणि कुणीतरी ते लिहून घेतलं.

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी आता या अर्जांकडे वळावं असं मला कळकळीने वाटतं. मंजूर झालेल्यांकडे आणि त्याहून जास्त नामंजूर झालेल्यांकडे. अर्जाची भाषा सरकारी असेल, अंगठ्याशेजारी कारकुनाचं अक्षर असेल. पण प्रतिज्ञापत्रात बाईला सांगावंच लागतं की मी अमुक गावात, अमुक घरात, तमुक माणसांना इतके महिने जेवण दिलं, निरोप पोचवले, हत्यारं धान्याच्या कणगीत ठेवली. एका गावच्या पाच अर्जांतली नावं जुळवून पाहिली तर कोणत्या घरी कधी कोण उतरलं याचा नकाशा तयार होऊ शकतो. पुरुषांच्या आत्मकथनांशी, पोलिसांच्या अहवालांशी तो ताडून पाहता येईल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आणि सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांनी मुलामुलींना हे काम नेमून द्यावं.

दुसरं काम घराघरांतलं. बेचाळीसला दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदी ओलांडून गेल्या आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. आईने रात्री उठवून दाराशी पाळतीला बसवलं, हे त्यांना आठवतं. त्यांना बंदुकांबद्दल आणि नेत्यांबद्दल सगळेच विचारतात. त्याऐवजी विचारावं की जप्ती आली तेव्हा भांडी कुठे लपवली, गाय कुणाकडे बांधली, औषध कुणी दिलं, कुणी पाठ फिरवली, दुकानदाराने उधारी बंद केली का, घरातला कर्ता परत आल्यावर पहिले काही दिवस कसे गेले. हौसाताईंना गाडीभाडं आठवलं, कारण विचारणाऱ्याने घर कसं चाललं हे विचारलं आणि मग ऐकत बसला. कुंडल, वाळवा, कासेगाव, विटा, वडूज या गावांत अशा घरी अजून जाता येतं, आणि तिथल्या सुना-नाती आजीने सांगितलेलं सांगायला तयार आहेत.